भाचीला बीबीएला घालायचं म्हणतो, तेही तालुक्याच्या गावात. काय म्हणता?

सरकीढेप

राम राम मंडळी.

भाची बारावी कॉमर्स झाली, ७१ टक्के. गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. म्हणजे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही अन् शेती सगळी पावसावर: कापूस, तूर, मूग, नंतर जमलं तर हरभरा. भाऊजी पाच एकरवाले. पोरीनं सीईटी दिली आहे, फॉर्म मीच माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर भरला होता. आता तिच्या डोक्यात बिझनेस मॅनेजमेंट पक्कं बसलंय. ताई म्हणते, बीए करून स्पर्धा परीक्षा दे. भाऊजी म्हणतात, मामाले विचारा, त्यानं केलं ना ते.

केलं. तिथंच तर गोम आहे.

मी २०१२ चा बीबीए. कॉलेजचं नाव सांगत नाही, आजही तिथल्या शिपायाची माझ्याकडे उधारी आहे. तीन वर्षं सर गाईड वाचून दाखवायचे, आम्ही उतरून घ्यायचो. हेन्री फेयॉलची व्यवस्थापनाची १४ तत्त्वं मला अजून झोपेत पाठ आहेत. 'एकसूत्री आदेश' म्हणजे एका माणसाला एकच साहेब. घरी आलं की आई, बाबा आणि आजी तिघं तीन कामं सांगायचे, त्यावर फेयॉलकडं उत्तर नव्हतं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून ४०० रुपयांत आणला, 'ग्राहक समाधानाचा अभ्यास'. नाव बदललं, बाकी तेच. तोंडी परीक्षेला बाहेरच्या सरांनी विचारलं, शंभर ग्राहकच का निवडले? मी म्हटलं, सरांनी सांगितलं होतं. त्यांनी पान उघडून दाखवलं. पानावर पन्नास होते.

तरी पास झालो. सगळेच झाले.

आता माझं कृषी सेवा केंद्र आहे. परवान्यासाठी पुढं हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा 'देसी' डिप्लोमा करावा लागला, आठवड्यातून एक दिवस, वर्षभर. खरं सांगू का, त्या वर्षभरात बोंडअळीपासून बिलबुकापर्यंत जे कळलं ते बीबीएच्या तीन वर्षांत नाही कळलं. म्हणून भाचीला हो म्हणताना जीभ अडखळते. आणि नाही म्हणायलाही मन होत नाही, कारण पोरगी माझ्यासारखी नाही. मागच्या दिवाळीत आमच्या घरी पतसंस्थेचा वार्षिक अहवाल पडला होता, ताई त्यावर चकल्या निथळत ठेवत होती. पोरीनं चकल्या बाजूला सारून ताळेबंदाचं पान वाचलं आणि विचारलं, "मामा, ठेवी वाढल्या अन् नफा कमी झाला, असं कसं?" मला आलं नाही. तूप लागलंय पानाला, नीट दिसत नाही, असं म्हणून मी उठलो. चकल्या तेलातल्या होत्या.

तर प्रश्न असा: तालुक्याच्या कॉलेजात बीबीए करावं, अमरावतीला होस्टेलवर टाकावं, की सरळ बीकॉम? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा. 'पॅशन फॉलो करू द्या' वाल्यांना आधीच दंडवत.

पुण्यातला वऱ्हाडी

बीबीए नको. मी इथं भरतीच्या कामात आहे, दिवसाला चाळीस-पन्नास बायोडाटा बघतो. तालुक्याचं बीबीए अन् तालुक्याचं बीकॉम यात आमच्या लेखी काडीचा फरक नसतो. एमबीएला कुठलीही पदवी चालते, ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४५. मग तीन वर्षं बीबीएच्या फीमध्ये कशाला घालता? बीकॉम करा, सोबत टॅली आणि जीएसटी शिका, हिंमत असेल तर सीए फाउंडेशन द्या.

आणखी एक. मॅनेजमेंट शिकलेल्या पोरांना वाटतं आपण मॅनेजर होणार. एकविसाव्या वर्षी कोण कुणाला माणसं सांभाळायला देतं? पहिली नोकरी सेल्सची असते. डोक्यावर टार्गेट, खाली दुचाकी आणि महिन्याच्या २८ तारखेला साहेबाचा फोन. हे सांगून पाठवा तिला.

सरकीढेप

सेल्सचं पटलं. 'तालुक्याचं' हा शब्द मात्र जरा जपून, बाप्पा. ज्या विद्यापीठाची डिग्री मिळणार त्याला ज्यांचं नाव आहे ते गाडगेबाबा आमच्या शेजारच्या अंजनगाव तालुक्यातले, शेंडगावचे. शाळेत गेले नाहीत, पण पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्या चालवायला विश्वस्त नेमून स्वतः झाडू घेऊन पुढच्या गावाला गेले. आमच्या बीबीएत मात्र उदाहरणं सगळी डेट्रॉईटच्या मोटार कारखान्यांची.

गठाण १७०

मी जिनिंगमध्ये (कापसातली सरकी म्हणजे बी वेगळं काढून रुईच्या गठाणी बांधतात तो कारखाना) हिशोब बघतो, एकवीस हंगाम झाले. बीकॉम की बीबीए यात पडत नाही. मॅनेजमेंट म्हणजे आमच्या धंद्यात काय असतं तेवढं सांगतो, पोरीला वाचायला द्या.

समजा एक क्विंटल कापूस आला. त्यातून साधारण ३४ किलो रुई निघते, ६४ किलो सरकी, उरलेली घट. रुईचा भाव खंडीत बोलतात, खंडी म्हणजे ३५६ किलो. भाव ५४,००० धरा. मग ३४ किलोचे झाले ५,१५७ रुपये. सरकी ३५ रुपये किलो धरली तर २,२४०. बेरीज ७,३९७. यातून वीज, हमाली, मजुरी, बँकेचं व्याज, सगळं जायचं आहे. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ७,५२१. आता सांगा, खासगी जिनिंगवाला हमीभावानं का घेत नाही? लुटारू आहे म्हणून की गणित बसत नाही म्हणून? (दोन्ही असू शकतं. पण आधी गणित करायचं, मग शिव्या द्यायच्या.)

आता खरी गंमत. उतारा, म्हणजे क्विंटलमागं निघणारी रुई, ३४ ऐवजी ३३ आला, तो एक किलो सरकीत गेला, तर बेरीज ७,२८०. एका किलोच्या फरकानं क्विंटलमागं ११७ रुपये गेले. दिवसाला ५०० क्विंटल कापूस घेणाऱ्याला हा फरक ५८ हजारांचा. म्हणून आमचा ग्रेडर गाडीवरच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, आतला पुंजका काढतो, धागा ओढून बघतो, सरकी दाताखाली फोडून बघतो. ओली असली तर 'कट' आवाज येत नाही. त्याला कॉस्ट अकाउंटिंग हा शब्द माहीत नाही, पण ते ११७ रुपये त्याच्या दातात आहेत.

माझ्याकडे दरवर्षी दोन-तीन बीबीए, एमबीए येतात. विचारतो, १७० किलोची एक गठाण बांधायला कापूस किती लागेल? पाच क्विंटल, हे तोंडी यायला पाहिजे. मोबाईल काढतात. मोबाईल काढला तरी हरकत नाही, पण भागाकार कशाला कशानं करायचा हेच कळत नाही.

बोंडअयी

माह्या पोट्ट्यानं एमबीए केलं नागपुरातून. दोन वर्साचे चार लाख गेले, एकरभर वावर गहान पडलं. आता पुन्यात हाय, तिथं त्याले असिस्टंट मॅनेजर म्हन्तेत. पगार इचारला तं विषय बदलवते. दिवाईले आला तवा म्या इचारलं, बाबू, तू मॅनेज काय करतं? तं म्हने, एक्सेल. म्हटलं हे कोन्या बैलाचं नाव हाय?

पन एक सांगतो. त्याच दिवाईत आमच्या सोसायटीची सभा होती. दरसाल आमी जातो, चिवडा खातो, मंजूर मंजूर म्हन्तो अन् घरी येतो. यंदा पोट्टा माह्यासंगं आला. अहवाल उघडला, थकबाकीच्या पानावर बोट ठेवलं अन् उभा रायला. म्हने, मांगच्या साली हेच येनं होतं, यंदाही तेच हाय, मंग वर लिवलेली वसुली झाली कोनाची? सचिवानं पानी मागतलं. अध्यक्ष म्हने, बसा बाबू, नंतर बोलू. गावात चार दिवस तेच बोलनं.

चार लाख वसूल झाले असं नाई म्हनत म्या. पन पंचवीस-तीस हजार तं त्याच दिवशी वसूल झाले.

तुरीचं वरण

बोंडअयी काका, चहा सांडला माझा.

मी वाशिम जिल्ह्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीची सीईओ होते. (आत्याला वाटलं जिल्हा परिषदेची सीईओ झाले. तिनं गावभर पेढे वाटले, मग तीन महिने माझ्याशी बोलली नाही.) बीबीए अकोल्याहून, एमबीए सीईटीतून अमरावतीला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कंपनी कायद्यात २००२ साली दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येऊ लागली, किमान दहा उत्पादक लागतात. २०२० मध्ये केंद्रानं दहा हजार कंपन्यांची योजना आणली. त्यात एका कंपनीला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो, सीईओच्या पगाराला महिना २५ हजारांपर्यंत. तीन वर्षांनंतर पगार कंपनीनं कमवायचा. म्हणजे गावाकडं राहून मॅनेजमेंटची नोकरी हवी असेल तर ही एक जागा खरी आहे, पण खाली जाळी नाही.

कॉलेजात 'खेळतं भांडवल' यावर मला २० पैकी १७ होते. ते कळलं मात्र २०२४ च्या सोयाबीनला. हमीभाव ४,८९२, बाजार चार हजारांच्या घरात. लोकांनी साहजिकच माल आमच्या हमीभाव खरेदी केंद्रावर आणला. ओलाव्याची अट १२ टक्के, आणि मशीन सोळा-सतरा दाखवतं. एक काका मशीनच बदला म्हणून बसले. आम्ही शाळेच्या मैदानावर ताडपत्र्या टाकल्या, पोतं पोतं वाळवलं, संध्याकाळी आभाळ आलं की परत भरायचं. नोव्हेंबरात ओलाव्याची अट १५ टक्क्यांवर आली, तोवर अर्ध्यांनी व्यापाऱ्याला देऊन टाकलं होतं. कारण व्यापारी मोजतो त्याच दिवशी नोटा देतो. आमच्याकडं माल गेला, पावती झाली, पैसा यायचा आहे, अन् दारात माणूस उभा: 'मॅडम, किराण्याचं काय?' भाव आमचा जास्त होता तरी तो व्यापाऱ्याकडं गेला, आणि तो चुकला असं मला आजही म्हणवत नाही. दिवाळी थांबत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही काही सभासदांना मोजणीच्या दिवशीच आगाऊ रक्कम द्यायची सोय केली, कर्ज काढून. त्याचं व्याज किती परवडेल हे काढायला एमबीएतली पाटीच लागली. म्हणून 'डिग्रीचा उपयोग नाही' हे मी म्हणणार नाही. डिग्रीनं मला प्रश्नाचं नाव शिकवलं, उत्तर नाही.

भाचीला सहकार आणि शेती-व्यवसायाकडं कल असेल तर पुढं पुण्याची वैकुंठ मेहता सहकार संस्था आणि गुजरातेतल्या आणंदची ग्रामीण व्यवस्थापन संस्था ही दोन नावं आत्ताच डोक्यात घाला. आमच्याकडं पोरांना फक्त 'एमबीए पुणे' एवढंच ठाऊक असतं.

महाडीबीटी-पीडित

फीचं कुणी बोललंच नाही. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए एआयसीटीईच्या (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या) कक्षेत आले, म्हणून ती सीईटी आली. काही कॉलेजांनी त्यातून सुटायला कोर्सचं नाव बदललं, 'बीकॉम मॅनेजमेंट' वगैरे. तिथं सीईटी लागत नाही. वाईट असतात असं नाही, पण शिष्यवृत्ती आणि फी माफीला लागू आहे का ते आधी विचारा. जुलै २०२४ च्या निर्णयानं वार्षिक ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅप राऊंडमधून (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून) हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की संपलं. 'आत्ता भरा, नंतर परत मिळतील' असं खिडकीवर कोणी म्हटलं तर लेखी मागा. मी मागितलं नव्हतं.

उत्पन्नाचा दाखला आजच काढा. जून-जुलैत सेतूपुढची रांग रोज वाढते.

खडू

मी तालुक्याच्याच कॉलेजात वाणिज्य शिकवतो, त्यामुळे धागाकर्त्याच्या सरांची बाजू मांडायचा मोह होतोय, पण आवरतो. गाईड वाचणारे आहेत. मात्र दुसरी बाजू: माझ्या वर्गाच्या पटावर ६० नावं आहेत. नोव्हेंबर लागला की समोर अकरा-बारा. कापूस वेचणी सुरू झाली की पोरी घरच्या वावरात, पोरं गाडीसोबत. मी ओरडू कुणाला? एका मुलीला गैरहजेरीचं विचारलं तर म्हणाली, सर, मजूर किलोमागं जास्त मागून रायले, आईनं माहंच नाव हजेरीत टाकलं. मी त्या दिवशी फळ्यावर 'संधीव्यय' लिहिलं आणि तिलाच तिचं उदाहरण मांडायला लावलं. वेचणीचा वाचलेला पैसा एका बाजूला, बुडालेला तास दुसऱ्या. तिनं बेरीज केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वावरात गेली. बेरीज बरोबर होती.

भाषेचं सांगतो. बारावीपर्यंत मराठीत 'येणे-देणे' शिकलेलं पोर बीबीएत 'डेटर्स-क्रेडिटर्स' पाहिलं की पहिले सहा महिने दबकतं. याला क्लास नको. पतसंस्थेचा मराठी अहवाल आणि एखाद्या मोठ्या कंपनीचा इंग्रजी अहवाल शेजारी ठेवा, ओळीला ओळ लावा. शिल्लक तीच, राखीव निधी तोच. चकल्यांच्या कागदापासून सुरुवात झालीच आहे.

आणि नवीन शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक आहेत. ते झेरॉक्सच्या दुकानातून आणू नका एवढंच.

पुण्यातला वऱ्हाडी

जिनिंगवाल्यांचं गणित वाचून माझं मत थोडं हललं. बीकॉमवर ठाम आहे, पण अशा ठिकाणी सुट्टीत काम केलेली पोरगी माझ्यासमोर आली तर डिग्री कुठली हे मी शेवटी विचारीन. आमच्याकडं सगळ्यांच्या बायोडाटात 'टीम प्लेअर' असतं, 'रुईचा उतारा' कुणाच्याच नसतो.

सरकीढेप (भाची टायपून रायली)

मी बोलते. मामा दुकानात गिऱ्हाईक करत आहेत. सगळ्यांनी माझ्याबद्दल लिहिलं म्हणून वाचलं. मला पुण्याला जायचं नाही असं नाही, पण आत्ताच नाही. गठाण काका, १७० भागिले ०.३४ म्हणजे ५०० किलो, हे मी कागदावर काढलं, मोबाईलवर नाही. पण उतारा ३३ असला तर ५१५ किलो लागतील, मग तुम्ही पाच क्विंटल 'तोंडी' का म्हणता? आणि सुट्टीत मुलींना जिनिंगमध्ये ठेवतात का?

गठाण १७०

ठेवतात. काट्यावर पावती करायला माणूस नेहमी कमी असतो, आणि ५१५ म्हणणारा तर कधीच मिळत नाही. दिवाळीनंतर वडिलांना घेऊन या. रुईची धूळ नाकात जाते, रुमाल आणा.

सरकीढेप

अपडेट. उशीर झाला, खताचा हंगाम होता.

तालुक्यालाच घेतला प्रवेश, कॅपमधून, बीबीए. होस्टेलचे वाचले. रोज एसटीनं जाते, अर्धं तिकीट. एक सर गाईड वाचतात, दोन चांगले आहेत असं तिचं म्हणणं.

रविवारी दुकानात येऊन बसते. मागच्या रविवारी माझी उधारीची वही घेऊन बसली. म्हणाली, "मामा, डीएपीची पिशवी १,३५० ची. जूनमध्ये उधार देता, पैसे येतात डिसेंबरात कापूस विकल्यावर. तुमची बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटचं कर्ज, १२ टक्क्यांची. सहा महिन्यांचं व्याज झालं ८१ रुपये. अन् पिशवीमागं तुम्हाला सुटतात किती?"

मी आकडा सांगितला. इथं लिहीत नाही, भाऊबंद वाचतात. ८१ पेक्षा बराच कमी आहे.

तिनं दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, रेघ मारली, वही माझ्याकडं सरकवली. चौदा वर्षं झाली दुकानाला. मी म्हटलं, उधार नाही दिलं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते, अन् बियाणं, औषध तिथंच घेते, त्यावर मला सुटते. तर म्हणाली, मग तेही मांडा ना, कोण कोण बियाणं खरंच तुमच्याकडून घेतं. वहीत ६२ नावं होती. आम्ही दोघं रात्री नऊपर्यंत खुणा करत बसलो. एकोणीस जण निघाले जे उधार खत माझ्याकडून नेतात आणि रोखीचं बियाणं समोरून. त्यात एक माझा सख्खा चुलतभाऊ.

शटर ओढताना म्हणते, "मामा, बीबीए तुम्ही नक्की कोन्या कॉलेजातून केलं?"